पितळ घासण्याची सुरक्षित पद्धत

रविवार, ६ जुलै. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण : कामाची नोंद हवी. दुसरं काही कारण नाही.

वल्लरी म्हणाली होती, बाबा, लिहीत जा, मन मोकळं होतं. मुलगी आहे, काळजीपोटी बोलते. माझं मन मोकळंच आहे. लताला जाऊन दहा महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे.

काम : लताच्या आईची पितळेची भांडी. एकूण नग अकरा. लता हॉस्पिटलात म्हणाली होती, आईची भांडी अंजलीला द्या. अंजली म्हणजे तिची धाकटी बहीण, पुण्याला असते. वर्षश्राद्ध तिथीने १८ ऑगस्टला येतं. त्यासाठी अंजली १४ ला येणार. तोवर अकराही नग आरशासारखे झाले पाहिजेत.

हातात दिवस ३९. म्हणजे साडेतीन दिवसांना एक नग. आरामात. खरं तर जुलैअखेर संपेल.

भांडी बॉम्ब शेल्टरमध्ये आहेत. सिंगापूर सरकारने युद्धासाठी घराघरात बांधून दिलेली पोलादी दाराची खोली. लताने ती लोणच्यांसाठी वापरली. आज दार उघडलं. समया दोन, परात, पातेली दोन, घागर, पानाचा डबा, ताटली, पळी, फुलपात्र, गडू. सगळं काळं. आमच्या बेडोक भागाची हवा दमट, आणि दहा महिने हात लागलेला नाही. दार लावून घेतलं. पाहणी पूर्ण.

मंगळवार, ८ जुलै

वल्लरीचा फोन. भांड्यांचं सांगितलं. म्हणाली, आई चिंच लावायची की! मी हो म्हणालो.

चिंच लावणार नाही. किती लावायची, किती वेळ ठेवायची, कशाचीच नोंद नाही. लताला विचारलं तर म्हणायची, अंदाजाने. सेम्बावांगच्या शिपयार्डात तीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. अंदाजाने एक बोल्टसुद्धा पास केलेला नाही.

इंटरनेटवर 'पितळ सुरक्षितपणे कसं साफ करावं' असं इंग्रजीत शोधलं. एक उत्तम अमेरिकन पान सापडलं. फार गंभीर माणसं. हातमोजे, गॉगल, मास्क. स्वयंपाकघरातलं सिंक वापरायचं नाही. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही. अमोनिया असलेलं पॉलिश चालणार नाही, त्याने पितळ ठिसूळ होऊन तडकतं. हे अगदी बरोबर आहे, मी यार्डात पाहिलं आहे. पितळाचा मान राखणारं कुणीतरी भेटलं.

काही शब्द आपल्याकडचे नाहीत, पण अर्थ लागतो. 'नेक' म्हणजे गळा. गडू आणि घागर यांना लागू. 'केस' म्हणजे भांड्याचं बाहेरचं अंग. 'रीलोडिंग' म्हणजे पुन्हा भरणं. भांडी घासायची ती भरायलाच. 'कार्ट्रिज' हे प्रिंटरचं असावं. काही लोक तेही धूत असतील. तो भाग सोडून दिला.

पान छापून बाथरूमच्या दारावर लावलं. कार्यपद्धती, रिव्हिजन शून्य.

शुक्रवार, ११ जुलै

त्या लोकांचा एक चर्चागट आहे. सभासद झालो. मी सहसा अनोळखी माणसांशी बोलत नाही, पण इथे विषय पितळाचा होता.

एका गृहस्थाने लिहिलं आहे की त्याच्याकडे पाच हजार ब्रास आहेत. केवढं एकत्र कुटुंब असेल! तरी आठवड्याला घासतो म्हणे.

मी लिहिलं, माझ्याकडे अकरा आहेत, दिवंगत पत्नीच्या माहेरचे. तासाभरात नऊ उत्तरं. टेक्सासचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, तिथे त्यांचं नाव 'ओल्ड बक'. त्यांनी विचारलं, किती वेळा फायर झाले आहेत? म्हणजे आचेवर किती वेळा चढले. काहींकडे 'वन्स फायर्ड' असतात, म्हणजे एकदाच चुलीवर चढलेले. त्यांचा तिथे फार तोरा. मी खरं ते लिहिलं : रोज दोनदा, १९५० पासून. मग ओल्ड बक यांनी लिहिलं, सर, मी तुमच्यापुढे टोपी काढतो.

दुसऱ्याने विचारलं, सगळ्यात मोठा केवढा? परात मोजली. अठरा इंच. तो म्हणाला, अठरा? नेव्हल का? मी लिहिलं, हो, तीस वर्षं शिपयार्डातच होतो. तेव्हापासून सगळे मला कॅप्टन म्हणतात.

आणखी एकाने विचारलं, कॅप्टन, शूट कशाने करता? मी लिहिलं, फोनने. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. अमेरिकन माणसं मोकळी असतात.

सोमवार, १४ जुलै. दुपारी ३

यंत्र आलं. मोटरवर फिरणारा रबरी ड्रम, आत बारीक स्टीलच्या काड्या. त्यात पाणी, भांड्यांचा साबण, चमचाभर सायट्रिक ॲसिड, आणि तीन तास फिरवायचं. हाताने घासणं शून्य.

ड्रमचं तोंड पाच इंच. परात अठरा इंच.

यंत्रात बसणारे नग : गडू, फुलपात्र, पानाच्या डब्याचं झाकण. झाकण अर्धा नग धरला. अकरापैकी अडीच. सुरुवात छोट्यापासूनच करावी.

मंगळवार, १५ जुलै

पहिली फेरी. गॉगल, मास्क, कोपरापर्यंत हातमोजे. यंत्र बाथरूममध्ये. आवाज अपेक्षेपेक्षा जास्त.

विसाव्या मिनिटाला बेल. शेजारच्या मॅडम कोह. मला त्या वेषात बघून एक पाऊल मागे सरल्या. 'अंकल, यू मिक्सिंग सिमेंट, आह?' मी म्हणालो, नो, ब्रास. वाइफ्स ब्रास. त्या म्हणाल्या, 'ओके लाह, बट दोन वाजता माझी झोप.' म्हणजे इंग्रजीत म्हणाल्या. मी वेळ बदलली. सकाळी दहा ते एक. कार्यपद्धती, रिव्हिजन एक.

बुधवार, १६ जुलै

आज महत्त्वाचा शोध लागला.

अमेरिकन पानावर एक पायरी आहे : ब्रास 'हेडस्टँप'प्रमाणे वेगळे करा. म्हणजे नावाप्रमाणे. आपल्याकडे दुकानात भांड्यावर मशीनने टिंबाटिंबांनी नाव घालून देतात, तेच. पंगतीला भांडी गेली की ज्याची त्याला परत यावीत म्हणून. अमेरिकेतही ही पद्धत आहे हे माहीत नव्हतं.

गडू ड्रममधून काढला. पोटावर टिंबं दिसली. चष्मा गॉगलखाली बसत नाही, म्हणून तसाच उजेडात धरून वाचलं :

कु. ल. गो. सबनीस
१०० मी. धावणे
द्वितीय १९७४

लता गोविंद सबनीस. माझी लता.

अडतीस वर्षांच्या संसारात ती धावायची हे मला माहीत नव्हतं. एकदाही बोलली नाही. मी विचारलंही नाही. पण असं कोण विचारतं, की तू धावायचीस का?

गडू पुसून टेबलावर ठेवला. चहा तिथेच घेतला. आज दुसरा नग घेतला नाही. यंत्राला विश्रांती हवी.

शनिवार, १९ जुलै

वल्लरीला सांगितलं, तुझी आई धावण्यात दुसरी आली होती. ती म्हणाली, 'आई? बाबा, आपली आई? अहो, एमआरटी ट्रेनचं दार बंद होत असलं तरी ती धावली नाही. म्हणायची, दुसरी येईल.' आणि हसत सुटली. हसता हसता मधेच, नंतर करते म्हणाली आणि फोन ठेवला.

मुलांना आईबापांचं तरुणपण माहीत नसतं. म्हणून मी वाद घातला नाही.

संकल्प : रोज सकाळी रिझर्व्हॉयरच्या काठाने शंभर मीटर धावणे. तिच्या अंतराचा अंदाज यावा म्हणून. आज पहिला दिवस. ५१ सेकंद, त्यात बाकावर बसलो तो वेळ धरलेला नाही.

मंगळवार, २२ जुलै

गुडघा. धावणे स्थगित.

गडूवरची अक्षरं अजून ठळक व्हावीत म्हणून त्याची दुसरी फेरी घेतली. काड्यांबरोबर थोडी बारीक वाळू घातली. माशांच्या टाकीसाठी मिळते ती. तीन सकाळी मिळून आठ तास.

निकाल : गडू सोन्यासारखा दिसतो. अक्षरं फिकी झाली. पोटाच्या फुगीर भागावरचं पहिलं अक्षर पूर्ण गेलं. हरकत नाही. ते 'ल' होतं याची नोंद १६ तारखेला केलेली आहे.

नोंद ठेवावी ती यासाठीच.

गुरुवार, २४ जुलै

परात यंत्रात जात नाही, म्हणून टबात सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवली. पाळायची वेळ : तीस मिनिटं. प्रत्यक्ष वेळ : सहा तास. मध्यंतरी जरा टेबलाशी गडू बघत बसलो होतो.

परात गुलाबी झाली. म्हणजे आम्लाने वरचं जस्त खाल्लं आणि तांबं उरलं. शास्त्रीयदृष्ट्या काय झालं ते मला पूर्ण कळलं आहे, हे महत्त्वाचं. शिवाय गुलाबी वाईट दिसत नाही. अंजलीला कदाचित आवडेल.

रविवार, २७ जुलै. दुपारी ४

वल्लरी आणि वरुण इथल्याच क्वीन्सटाउनहून जेवायला आले होते. वरुण म्हणजे आमचा जावई. जन्म, शाळा, लष्करी सेवा सगळं इथलंच. मराठी समजतं, बोलतो जपून.

जेवण झाल्यावर तो हात धुवायला बाथरूमकडे गेला आणि बाहेर येईना. जाऊन पाहतो तर दारावरचा कागद वाचत उभा. चेहरा पांढरा.

म्हणाला, 'बाबा, हे काय आहे?'
मी म्हणालो, कार्यपद्धती. रिव्हिजन तीन.
म्हणाला, 'बाबा, हे बुलेट्सबद्दल आहे.'
मी म्हणालो, छे, ब्रास.
म्हणाला, 'ब्रास म्हणजे रिकामी काडतुसं! गोळी सुटल्यावर उरते ती केस. ती धुवून हे लोक परत दारू भरतात. रीलोडिंग! बाबा, हे सिंगापूर आहे! कॅन नॉट, लाह!'

मग त्याने सांगितलं की लष्करात असताना नेमबाजी झाली की एकेक रिकामी केस मोजून परत द्यावी लागायची, आणि प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, माझ्याकडे एकही केस नाही, सर. एकदा एक कमी भरली तेव्हा अख्खी कंपनी तीन तास गवतात रांगली.

तो स्वतः बॉम्ब शेल्टरमध्ये जाऊन एकेक भांडं उलटं करून पाहून आला. परातसुद्धा. वल्लरी सोफ्यावर आडवी पडून हसत होती. म्हणाली, वरुण, बाबांकडून वदवून घे. आणि तो खरोखर म्हणाला, बाबा, प्लीज, एकदा म्हणा.

मी म्हणालो, माझ्याकडे एकही केस नाही. बाथरूमच्या दारात उभा राहून. जावयासमोर.

वल्लरी निघताना दारात थांबली. हसून डोळे लाल झाले होते. म्हणाली, आई असती तर तिला हे आठवडाभर पुरलं असतं. मी म्हणालो, लिफ्ट आली.

सोमवार, २८ जुलै

शांतपणे विचार केला. माझी चूक अशी काही नाही. पितळ ते पितळ. आत काय भरतात हे धातूला माहीत नसतं. पद्धत शास्त्रीयच होती. शिशाच्या धुळीचा इशारा का होता, हे मात्र आता कळलं. दोन आठवडे मास्क लावून फुलपात्र धुतलं.

चर्चागटाचा निरोप घेतला. खरं काय ते लिहिलं : ही स्वयंपाकाची भांडी आहेत, मी कॅप्टन नाही, क्षमस्व. वाटलं होतं हसतील. ओल्ड बक यांनी एवढंच लिहिलं : तुमच्या पत्नीबद्दल वाईट वाटलं. माझी चार वर्षांपूर्वी गेली. मी अजून तिचा शिवणाचा डबा आवरतो आहे. घाई करू नका.

माझं तसं नाही. मला १४ ऑगस्टची मुदत आहे.

सभासदत्व रद्द केलं. कागद बारीक फाडून दोन वेगळ्या मजल्यांवरच्या कचऱ्यात टाकला. वरुणने सांगितलं म्हणून नव्हे.

शनिवार, २ ऑगस्ट

आढावा. उरलेले दिवस १२. पूर्ण नग : गडू. फुलपात्रावर पुन्हा डाग आले. झाकण चकचकीत आहे, पण डबा काळा, त्यामुळे झाकण आता त्या डब्याचं वाटत नाही. परात गुलाबी.

एका मुद्द्यावर निर्णय घेतला. लता म्हणाली होती, 'आईची भांडी अंजलीला द्या.' गडू आईचा नाही. लताने स्वतः धावून मिळवलेलं बक्षीस आहे. म्हणून तो यादीत येत नाही. चुकून मोजला गेला. एकूण नग दहा.

त्यामुळे काम जवळजवळ नऊ टक्क्यांनी कमी झालं.

बाकीचे दहा मी आनंदाने देईन. मला वस्तूंचा मोह नाही. एक गडू ठेवला तर ठेवला.

बुधवार, ६ ऑगस्ट

घागर घेऊन कॉरिडॉरमध्ये बसलो होतो, उजेडासाठी. बाजारातलं पॉलिश लावत होतो. अमोनियाविरहित. फडकं काळं होत होतं, घागरही काळीच राहत होती.

मॅडम कोह आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, 'अंकल, व्हाय यू सो लाइक दॅट? यूज असम, लाह!' घरात गेल्या आणि असमचं पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, देवापुढचं उदबत्तीचं पात्र वर्षानुवर्षं यानेच घासते. स्वतः खाली बसल्या, पाकीट फोडलं, गोळा पाण्यात कुस्करला, मीठ टाकलं आणि घागरीच्या कडेवर अंगठ्याने फिरवलं. अंगठ्याखाली पिवळं पितळ दिसलं.

म्हणाल्या, तुमची मिसेसच मला आधी मागायची, घरातलं संपलं की. यू डोन्ट नो, आह?

आय नो, म्हणालो.

कार्यपद्धती, रिव्हिजन सहा : स्थानिक सेंद्रिय आम्लाचा लेप. प्रमाण : पुरेसं. वेळ : होईपर्यंत.

(असम म्हणजे चिंच. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.)

शनिवार, ९ ऑगस्ट

नॅशनल डे. वरून विमानं गेली, सगळे गॅलरीत धावले. मी बाथरूममध्ये, हात घागरीत कोपरापर्यंत.

चार दिवसांत दहाही नग झाले. परातसुद्धा पिवळी झाली, बऱ्याच ठिकाणी. हातमोजे पहिल्याच दिवशी काढले, त्यांनी पकड येत नव्हती. नखांत चिंच, हातांना तोच वास. तो वास मला ओळखीचा आहे. दिवाळीच्या आधी तिच्या हातांना यायचा.

संध्याकाळी साबणाने हात धुतले नाहीत. विसरलो.

बुधवार, १३ ऑगस्ट

उद्या अंजली येणार. दहा नग फडक्यात बांधून तयार.

गडू टेबलावर असला तर उगाच विषय निघेल. म्हणून तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली, उलटा ठेवला. लपवलेला नाही. दमट हवेपासून सुरक्षित ठेवला आहे. तांदूळ ओल शोषून घेतो, हे शास्त्रीय आहे. आणि तांदळात हात घालून बघायचं कुणाला सुचणार नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

चांगी विमानतळावरून अंजलीला आणलं. आठ वर्षांनी भेटली. समोरून येताना क्षणभर चाल लताचीच वाटली. फार बोलते. टॅक्सीत बसल्यापासून बोलते आहे. आल्या आल्या लताच्या फोटोसमोर मात्र हात जोडून उभी राहिली.

मग म्हणाली, 'भाऊजी, किती वाळलात! जेवता का नाही?' मी म्हणालो, जेवतो. म्हणाली, बघते मी, आणि स्वयंपाकघरात शिरली. तांदूळ मी काढून दिले. वरवरचे.

शनिवार, १६ ऑगस्ट. संध्याकाळी ६

आज वस्तू सुपूर्द करण्याचा दिवस. दहाही नग जेवणाच्या टेबलावर उंचीप्रमाणे मांडले. समया दोन टोकांना. अंजलीला बोलावलं. मी थोडक्यात म्हणालो, लताची इच्छा होती.

 तिने एका समईवरून बोट फिरवलं. म्हणाली, 'अगं बाई, आई गं... भाऊजी, कुणी घासली ही?' मी म्हणालो, मी. चिंचेने.

मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, 'पण हे सगळं मी नेऊ कशी हो? वजन बघा की. आणि माझ्याकडे आता इंडक्शन आहे, त्यावर पितळ चालतसुद्धा नाही. रोज घासायला तरी कोण बसणार? ताई म्हणाली तेव्हा हो म्हटलं. आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? तुम्ही रागावू नका. ही राहू देत इथेच, वल्लरीला होतील.'

मी म्हणालो, बरं.

म्हणाली, 'मला एकच पाहिजे. माझा गडू.'

मी म्हणालो, कुठला गडू?

म्हणाली, 'बक्षिसाचा. शंभर मीटरचा. माझं नाव आहे त्याच्यावर.'

मी म्हणालो, गडू... नाही बुवा, पाहिल्यासारखा वाटत नाही.

मी इतक्या वर्षांत खोटं फारसं बोललेलो नाही. ते चांगलं जमत नसावं. ती माझ्याकडे पाहून एकदम हसली. उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली, बांगड्या वर सारल्या आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

गडू बाहेर आला. तोंडातून तांदूळ सांडत होते.

म्हणाली, 'ताईची जागा! दर खेपेला मी आले की हा तांदळात जायचा. पुण्याला होती तेव्हाही, इथे आल्यावरही. दोघं सारखेच की हो तुम्ही!'

मग सगळं सांगितलं, तांदूळ वेचता वेचता. त्या दिवशी अंजली दुसरी आली म्हणून रडली आणि म्हणाली, हा गडू मी विहिरीत टाकणार. लताने हातातून काढून घेतला. म्हणाली, टाकशील आणि मग रडशील, मी ठेवते, शहाणी झालीस की माग. 'पन्नास वर्षं मागतेय. दरवेळी म्हणायची, अजून नाही झालीस.'

मी विचारलं, लता कितवी आली होती?

'ताई? ती कुठली धावतेय! ड्रिलच्या तासाला पोट दुखतं म्हणून सावलीला बसायची. शर्यतीला माझ्या चपला धरून उभी होती तेवढीच. दोन हातांत दोन.'

तिने गडू खिडकीशी नेला. उलटसुलट केला. म्हणाली, 'इथे अ होता. अ कुठे गेला?'

मी म्हणालो, दुसरी फेरी जरा जास्त झाली. वाळूने.

 ती अंगठा त्या जागेवरून फिरवत राहिली. मग गडू माझ्यासमोर ठेवला आणि हळू म्हणाली, 'भाऊजी, तुम्हाला हवा असला तर ठेवा. खरंच ठेवा. मला नुसता बघायचा होता.'

मी म्हणालो, छे, मला काय करायचाय! तुझा आहे, तू ने. वस्तूत काय असतं?

दोनदा विचारलं तिने. मी दोन्ही वेळा तेच म्हणालो. मग मीच तो वर्तमानपत्रात गुंडाळला. वर दोरा बांधला, दुहेरी.

सोमवार, १८ ऑगस्ट

श्राद्ध नीट पार पडलं. गुरुजी वेळेवर आले. समयांना तेल-वात केली, परात, पळी, फुलपात्र वापरली. गुरुजी म्हणाले, पितळ फार छान ठेवलंय घरात. अंजली आणि वल्लरी एकदम माझ्याकडे बघून हसल्या. वरुण सगळं समजल्यासारखी मान डोलवत होता.

गुरुजींनी लताचं नाव, तिच्या वडिलांचं नाव विचारलं. अंजलीने सांगितलं. माझा आवाज त्या वेळी धुरामुळे बसला होता.

बुधवार, २० ऑगस्ट

अंजली गेली. गडू हातातल्या पिशवीत ठेवला, सामानात नको म्हणाली. तपासणीच्या रांगेतून मागे वळून पिशवी उंच करून दाखवली. मी हात हलवला.

चांगला वाटला निर्णय. उगाच एका गडूसाठी काय! सोळा तारखेपासून त्याचा एकदाही विचार केलेला नाही. घरी येऊन यंत्र पुसून पेटीत भरलं. १६ जुलैच्या नोंदीत 'ल' खोडून 'अ' केला. नोंद बरोबर असावी.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. दुपारी १२.३०

भात लावायला गेलो. माझ्या हिशोबाने डबा पाऊण भरलेला होता, महिनाभर बघायला नको होतं.

गडू निघाल्यावर तांदूळ एकदम खाली गेलेत. कडेने डब्याचा तळ दिसतो. एका माणसाचे फार तर चार दिवसांचे असतील.

आज वाटीभरच लावला.

उद्या तांदूळ आणणे.